नारुतो: दखल मागणाऱ्या मुलाची गोष्ट

कोनोहा नावाचं एक काल्पनिक गाव आहे. ते निंजांचं गाव आहे. गावामागच्या उंच कड्यात आजवरच्या चार गावप्रमुखांचे भलेमोठे चेहरे कोरले आहेत, आणि एके दिवशी त्या चारही चेहऱ्यांना कुणीतरी रंग फासून ठेवतं. हा उद्योग बारा वर्षांच्या एका पोराचा. अंगात नारंगी कपडे, डोक्यावर ताठ पिवळे केस, गालांवर मांजराच्या मिशांसारख्या तीन-तीन रेघा. मोठी माणसं आरडाओरडा करत त्याच्यामागे धावतात आणि तो खदखदून हसतो. 'नारुतो' या जपानी मालिकेचा नायक आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो असा.

पोरगं उनाड आहे म्हणून आपणही हसतो. पण वीसेक मिनिटांच्या त्या पहिल्याच भागात हा उनाडपणा कुठून आला ते कळतं आणि मघाचं हसू घशात अडकतं. नारुतो उझुमाकीला आई-बाप नाहीत. गाव त्याच्याशी बोलत नाही, दुकानदार त्याला हाकलतात, इतर मुलांना त्यांचे आई-बाप त्याच्यापासून दूर ओढतात. तो वाळीत टाकलेला मुलगा आहे आणि का टाकलं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. रागावण्यासाठी का होईना, कुणीतरी आपल्याकडे पाहावं, एवढ्यासाठी तो कड्यावर चढला होता.

या पुस्तकाचं म्हणणं इथूनच सुरू होतं. 'नारुतो'मधली मारामारी आणि 'नारुतो'मधला विनोद एकाच भुकेतून येतात. आपली कुणीतरी दखल घ्यावी, ही ती भूक. जादूच्या विद्या, राक्षसी प्राणी, हवेत उडणारी शस्त्रं, लहान मुलांसारखे चावट विनोद, या सगळ्याच्या मुळाशी जाऊन पाहिलं की ती सापडते. मालिका जगभर पोहोचली त्याचं कारण मला याच भुकेत दिसतं. आपल्याकडेही मुलं हात मागे टाकून, पुढे वाकून मैदानभर धावतात, बोटं गुंफून एकमेकांवर 'जुत्सू', म्हणजे निंजांची विद्या, टाकतात आणि मुंबईच्या कॉमिक कॉनला कपाळावर पानाच्या चिन्हाची पट्टी बांधून जातात. घरातल्या मोठ्यांना यातलं फारसं काही कळत नाही. ही प्रस्तावना त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना सगळं कळतं त्या मुलांसाठीही.

कर्ता आणि कृती

नारुतोचे निर्माते मासाशी किशिमोतो यांचा जन्म १९७४ सालचा, ओकायामा प्रांतातल्या नागी या छोट्या गावातला. त्यांचा जुळा भाऊ सेइशी हाही पुढे चित्रकथाकारच झाला. अकिरा तोरियामांचा 'ड्रॅगन बॉल' आणि कात्सुहिरो ओतोमोंचा 'अकिरा' यांनी त्यांना झपाटलं. कलाशिक्षणासाठी ते फुकुओकातल्या क्यूशू सांग्यो विद्यापीठात गेले. नारुतो ज्या 'इचिराकु' नावाच्या टपरीवर वाडग्यामागून वाडगे रामेन रिचवतो, ती त्या विद्यापीठाजवळच्या एका खऱ्या दुकानावरून आली आहे.

१९९७ साली 'अकामारु जंप' या अंकात नारुतोची एक सुटी कथा छापून आली. तीत नारुतो हा माणसाचा मुलगा नव्हताच. माणसाचं रूप घेऊ शकणारं ते कोल्ह्याचं पोर होतं. २१ सप्टेंबर १९९९ रोजी 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात चित्रकथेची मालिका सुरू झाली तेव्हा किशिमोतोंनी एक मोठा बदल केला होता. नारुतो आता माणसाचा मुलगा होता आणि कोल्हा त्याच्या पोटात कोंडलेला होता. या एका बदलाने कथेचा सगळा कस वाढला. कोल्ह्याचं पोर गमतीचं पात्र झालं असतं. ज्या राक्षसाने गाव उद्ध्वस्त केलं त्यालाच शरीरात वागवणारा निष्पाप मुलगा हे मात्र दुखरं पात्र आहे, कारण त्याच्याकडे पाहताना गावाला आपली मेलेली माणसं आठवतात.

जंपमध्ये टिकून राहणं सोपं नसतं. वाचक दर आठवड्याला आवडत्या कथांची मतं कळवतात आणि मागे पडणाऱ्या कथा बंद होतात. मैत्री, मेहनत आणि विजय ही या साप्ताहिकाची ओळखीची त्रिसूत्री. किशिमोतो तिथे पंधरा वर्षं टिकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये कथा संपली तेव्हा ७०० प्रकरणं झाली होती; त्यांचे मिळून ७२ खंड झाले. दरम्यान स्टुडिओ पिएरोने तिची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका केली. हायातो दाते यांच्या दिग्दर्शनाखाली ३ ऑक्टोबर २००२ पासून ती टीव्ही तोक्योवर दिसू लागली. फेब्रुवारी २००७ मध्ये २२० भागांवर पहिली मालिका थांबली आणि पुढच्याच आठवड्यात 'नारुतो शिप्पुदेन' सुरू झाली. ती मार्च २०१७ पर्यंत, ५०० भाग चालली. पहिल्या मालिकेत बारा-तेरा वर्षांची असलेली मुलं दुसरीत पंधरा-सोळा वर्षांची आहेत. जपानमध्ये जी मुलं प्राथमिक शाळेत असताना पहिला भाग पाहत होती ती शेवटचा भाग पाहताना नोकरी करत होती.

या जगाचे नियम

नवख्या प्रेक्षकाला थोडी माहिती हाताशी हवी. या जगात पाच मोठे देश आहेत: अग्नी, वारा, पाणी, वीज आणि पृथ्वी यांच्या नावांचे. प्रत्येकाचं एक लपलेलं निंजागाव आहे. कोनोहा हे अग्निदेशाचं. गावाच्या प्रमुखाला होकागे म्हणतात आणि होकागे व्हायचं हे नारुतोचं स्वप्न आहे. निंजा-शाळेतून उत्तीर्ण झालेली मुलं गेनिन होतात. तिघांचा एक गट आणि त्यांच्यावर एक अनुभवी जोनिन गुरू, अशी रचना असते. गावाला कामं मिळतात, त्यांची अवघडपणानुसार प्रतवारी होते आणि पैसे घेऊन ती पार पाडली जातात. नारुतोच्या गटाला सुरुवातीला मिळतात ती कामं म्हणजे हरवलेलं मांजर पकडून आणणं वगैरे. मोठ्या पराक्रमाची स्वप्नं पाहणारा मुलगा आणि हातात ओचकारणारं मांजर, यातला विनोद सांगावा लागत नाही.

विद्येचं इंधन म्हणजे चक्र. शरीराची आणि मनाची ताकद एकत्र करून ते तयार होतं आणि हातांच्या मुद्रांनी त्याला आकार मिळतो. मूळ मुद्रा बारा. उंदीर, बैल, वाघ, ससा अशा जपानी राशीचक्रातल्या बारा प्राण्यांची नावं त्यांना दिली आहेत. विद्या फुकट मिळत नाहीत. हात न लावता झाडावर चालत चढायला शिकण्याचा एक प्रसंग आहे. तळपायात चक्र कमी पडलं की पाय घसरतो, जास्त झालं की खोड फुटतं. नारुतो आणि त्याच्या गटातला सासुके संध्याकाळपर्यंत पडत राहतात, दर खेपेला खोडावर कट्यारीने नवी खूण करतात आणि चोरून एकमेकांच्या खुणेची उंची पाहतात. किशिमोतोंची जादू अशी सरावाची आहे, म्हणून मुलांना ती आपल्या आवाक्यातली वाटते.

कपाळपट्टीची गोष्ट

पहिला भाग इथे जरा जवळून पाहू, कारण पुढच्या सगळ्याचं बीज त्यात आहे.

कड्यावरचे चेहरे धुवायला लावून झाल्यावर शिक्षक इरुका नारुतोला रामेन खायला नेतात. खाता खाता नारुतो हट्ट धरतो: तुमच्या कपाळावरची पट्टी मला एकदा घालून पाहू द्या ना. इरुका नाही म्हणतात. ही पट्टी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळते. परीक्षेत स्वतःची प्रतिकृती निर्माण करायची असते. नारुतोची प्रतिकृती पांढरी पडून जमिनीवर लोळते आणि तो नापास होतो. बाहेर आई-बाप मुलांना कवटाळत असतात आणि हा झोक्यावर एकटा बसून ते पाहतो.

मिझुकी नावाचा दुसरा शिक्षक त्याला फूस लावतो: गावाने जपलेली गुप्त विद्येची गुंडाळी चोरून आण, तीतली एक विद्या शिक, म्हणजे तू उत्तीर्ण. नारुतो ती चोरतो आणि रात्रभर जंगलात सराव करतो. मग मिझुकी येतो आणि बारा वर्षं दडवलेली गोष्ट त्याच्या तोंडावर फेकतो. गाव उद्ध्वस्त करणारा, इरुकाच्या आई-वडिलांना मारणारा नऊ शेपट्यांचा कोल्हा तुझ्याच पोटात आहे. पाठोपाठ तो एक अवाढव्य चक्रशस्त्र फेकतो. इरुका मध्ये पडतात. शस्त्र त्यांच्या पाठीत रुततं आणि ते नारुतोला सांगतात की मीसुद्धा पोरका होतो, मीही लोकांनी पाहावं म्हणून वर्गात विदूषकी चाळे करायचो.

नारुतो पळून जातो. पुढे झाडामागे लपलेला असताना त्याच्या कानावर पडतं की इरुका मिझुकीला सांगताहेत, तो राक्षस नाही, तो माझा विद्यार्थी आहे. त्यानंतर त्या रात्री शिकलेली विद्या तो वापरतो आणि जंगल नारुतोंनी भरून जातं. शेकडो नारुतो मिझुकीवर तुटून पडतात. सकाळ होते. इरुका त्याला डोळे मिटायला सांगतात आणि उघडल्यावर कपाळावर पट्टी असते. रामेनच्या दुकानात मागितलेली तीच.

या भागात किशिमोतोंची सगळी कारागिरी एकवटली आहे. ज्या मुलाला सोबतीला कुणी नाही त्याची मुख्य विद्या म्हणजे स्वतःचीच गर्दी करणं. आणि ज्या प्रकारात तो नापास झाला त्याच प्रकारात तो पुढे सगळ्यांच्या वर जातो. पुढे गेनिनच्या वरच्या पायरीच्या, म्हणजे चुनिन परीक्षेच्या अंतिम फेरीत नेजी ह्यूगा त्याला ठणकावतो की माणसाचं नशीब जन्मतः ठरलेलं असतं. ह्यूगा घराण्यात थोरली पाती आणि धाकटी पाती आहे. धाकट्या पातीतल्या मुलांच्या कपाळावर बंधनाची खूण उमटवलेली असते आणि नेजी ती खूण पट्टीखाली झाकून जगतो. नारुतो त्याला हरवतो तो जमिनीखालून येऊन, प्रतिकृतीला वर ठेवून. मग सांगतो की शाळेच्या परीक्षेत मी दर वेळी याच विद्येत नापास व्हायचो. घराण्याच्या उतरंडीत अडकलेल्या मुलाला शाळेत अडकलेल्या मुलाने दिलेलं हे उत्तर आहे.

हसणं आणि लढणं

'नारुतो'त हशा आणि थरार एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण दोन्हींची सामग्री एकच आहे. खोड्या काढण्यासाठी शिकलेलं रूपांतर लढाईत उपयोगी पडतं. झाबुझा या क्रूर मारेकऱ्याने गुरू काकाशींना पाण्याच्या गोळ्यात कोंडलेलं असतं आणि तो गोळा टिकवायला झाबुझाला आपला हात त्यात ठेवावा लागतो. नारुतो स्वतः चक्रशस्त्राचं रूप घेतो, सासुके ते दुसऱ्या शस्त्राच्या सावलीत लपवून फेकतो, झाबुझा पहिलं पकडतो, दुसरं चुकवतो आणि मागे गेलेलं शस्त्र पुन्हा मुलगा होऊन त्याच्यावर कट्यार फेकतं. झाबुझाला हात काढावाच लागतो. वर्गात सगळ्यांना हसवणाऱ्या पोराची अक्कल इथे गुरूचा जीव वाचवते.

दुसरं उदाहरण रॉक लीचं. त्याला पाहताच हसू येतं: वाडगा उपडा ठेवून कापल्यासारखे केस, सुरवंटासारख्या भुवया, अंगाला चिकटलेला हिरवा पोशाख. त्याचे गुरू गाइ हुबेहूब तसेच. दोघं ऊर भरून येऊन एकमेकांना मिठी मारतात तेव्हा मागे समुद्र आणि सूर्यास्तसुद्धा उगवतो. लीला जादूची कोणतीच विद्या येत नाही. त्याच्याकडे फक्त हात-पाय आहेत आणि रोजची मेहनत. चुनिन परीक्षेत त्याची गाठ पडते वाळू-गावच्या गाराशी. गाराभोवतीची वाळू आपोआप त्याचं रक्षण करते आणि आजवर त्याला कुणाचा स्पर्शही झालेला नाही. ली कितीही वेगाने आला तरी वाळू आधी पोहोचते. मग गाइ त्याला परवानगी देतात. ली पुतळ्यावर उभा राहून घोट्यांना बांधलेली वजनं सोडतो. पाहणारे मनात म्हणतात, एवढ्याशा वजनाने काय फरक पडणार? तो ती सहज हातातून टाकतो. वजनं खाली जातात, जमीन फुटते, धुळीचे दोन लोट उठतात. क्षणभर आपण हसतो, कारण हा विनोदच आहे. पुढच्या क्षणी ली दिसेनासा होतो आणि गाराला पहिला फटका बसतो.

ज्याला आपण विदूषक समजत होतो तो किती भार पायात घेऊन वावरत होता, हे आपल्याला त्या धुळीत कळतं. ली ही लढत हरतो. त्याचा एक हात आणि एक पाय चिरडला जातो आणि शुद्ध हरपलेली असतानाही तो उभा राहतो. मुलांच्या मालिकेत मेहनती मुलगा जिंकतो हा ठरलेला संकेत किशिमोतोंनी इथे मोडला, आणि रॉक ली प्रेक्षकांच्या मनात कायमचा बसला.

गाराची कथा नारुतोचीच दुसरी बाजू आहे. त्याच्याही शरीरात जन्मापासून राक्षस कोंडलेला आहे, त्यालाही गाव टाळतं. ज्या मामाने त्याला वाढवलं तोच बापाच्या हुकुमावरून त्याला मारायला येतो. त्या रात्रीपासून गारा ठरवतो की आपण फक्त स्वतःवर प्रेम करायचं. दोन मुलं, दोघांचं दुःख सारखं. एकाला इरुका भेटला, दुसऱ्याला भेटला नाही. किशिमोतो भाषण न देता हे समोरासमोर ठेवतात. पुढे नारुतोशी झालेल्या झुंजीत गारा हरतो तेव्हा त्याला पहिल्यांदा आपल्यासारखा कुणीतरी दिसतो. शिप्पुदेन सुरू होते तेव्हा तोच गारा आपल्या गावाचा प्रमुख झालेला असतो. मालिकेतले हाकु, गारा, नागातो असे मोठे शत्रू नीट पाहिले तर ती कधीकाळी कुणी न विचारलेली मुलंच आहेत.

मुळं कुठली

किशिमोतोंनी हे जग हवेतून उभं केलेलं नाही. इतिहासातले निंजा म्हणजे इगा आणि कोगा या डोंगराळ भागांतले हेरगिरी आणि घुसखोरीत तरबेज लोक. १५८१ मध्ये ओदा नोबुनागाने इगावर स्वारी करून तो प्रदेश बेचिराख केला. १६७६ च्या 'बानसेनशुकाई' या ग्रंथात त्यांच्या युक्त्या नोंदलेल्या आहेत. जादूचे निंजा मात्र लोककथांनी आणि काबुकी रंगभूमीने घडवले. नारुतोचे तीन ज्येष्ठ निंजा, बेडकांवर हुकूम चालवणारा जिराइया, गोगलगाईंची त्सुनादे आणि सापांचा ओरोचिमारु, हे एकोणिसाव्या शतकात गाजलेल्या जिराइयाच्या अद्भुतकथेतून आले आहेत. त्या कथेवर १९२१ साली शोझो माकिनो यांनी मूकपटही केला होता. सासुकेच्या घराण्याच्या विद्यांना आमातेरासु, त्सुकुयोमी, सुसानोओ अशी शिंतो देवतांची नावं आहेत. आपल्याकडच्या मुलांना निंजा आधी भेटला तो 'निंजा हतोरी'तून. तीही १९६४ साली सुरू झालेल्या चित्रकथेवरची मालिका, पण तिचा सूर घरगुती, निरागस. नारुतोचा निंजा तिथून बराच पुढे गेलेला आहे.

मराठी वाचकाला ओळखीच्या वाटतील अशा दोन वाटा या जगात खरोखर भारतातून गेल्या आहेत. पहिली मुद्रांची. मंत्रयानी बौद्ध परंपरेतल्या हस्तमुद्रा भारतातून चीनमध्ये आणि तिथून जपानमध्ये गेल्या. कूकाई हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, ८०६ मध्ये परतला आणि त्याने शिंगोन पंथ उभा केला. पुढे डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशींनी या मुद्रा घेतल्या आणि त्यांच्याकडून त्या निंजांच्या परंपरेत आल्या. चक्र ही कल्पना मात्र किशिमोतोंनी आपल्या सोयीने बदलली आहे. योगातली चक्रं शरीरातली केंद्रं आहेत, इथलं चक्र वाहणारी ऊर्जा आहे.

दुसरी वाट नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याची. तामामो-नो-माए ही जपानी दरबारातली सुंदरी मुळात कोल्हीण होती, अशी जुनी दंतकथा आहे. एदो काळात ही कथा तीन देशांवर पसरली. जपानला येण्याआधी तीच कोल्हीण चीनमध्ये राणी दाजी होती आणि त्यानंतर भारतात मगधच्या हानझोकु राजपुत्राची प्रिया. हा हानझोकु म्हणजे आपल्या पुराणांत आणि बौद्ध कथांत येणारा कल्माषपाद. नारुतोच्या पोटातला कोल्हा जपानी आहे, पण त्याच्या पूर्वजांच्या सांगितलेल्या प्रवासात एक मुक्काम मगधाचा आहे.

चित्रं आणि आवाज

आठवड्याला एक भाग काढणाऱ्या मालिकेत सगळी चित्रं सारख्या दर्जाची निघत नाहीत. संवादाच्या प्रसंगात फक्त ओठ हलतात, पार्श्वभूमी स्थिर राहते आणि वाचवलेलं बळ मोजक्या लढतींवर खर्च होतं. त्या मोजक्या भागांसाठी ही मालिका ॲनिमेशनच्या अभ्यासकांनाही महत्त्वाची वाटते. आत्सुशी वाकाबायाशी यांनी दिग्दर्शित केलेले ३० आणि १३३ क्रमांकाचे भाग पाहावेत. १३३ व्या भागात नारुतो आणि सासुके दरीच्या तळाशी एकमेकांवर तुटून पडतात. रेषा सुटतात, चेहरे वेडेवाकडे होतात, आणि दोन मित्रांच्या झुंजीतला आवेश थेट अंगावर येतो. वाकाबायाशींनीच शिप्पुदेनचा १६७ वा भाग केला तेव्हा हीच मोकळी रेषा अनेकांना खटकली. मला ती योग्य वाटते. राग अनावर झालेला मुलगा सुबक दिसता कामा नये.

तोशिओ मासुदा यांच्या संगीतात शाकुहाची बासरी आणि शामिसेन ही जुनी वाद्यं इलेक्ट्रिक गिटारच्या जोडीला येतात. झोक्यावर एकट्या बसलेल्या मुलामागे वाजणारी त्यांची हळुवार धून जगभरच्या मुलांना पाठ आहे. आणि नारुतोचा आवाज आहे जुन्को ताकेउची या अभिनेत्रीचा. किंचित खरखरीत, सतत वरच्या पट्टीतला. तोच आवाज रडवेला झाला की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं.

उणिवा

प्रेम आहे म्हणून उणिवांकडे कानाडोळा करायचं कारण नाही. नारुतो विवस्त्र स्त्रीचं रूप घेऊन मोठ्यांना गडबडवतो, आणि जिराइया स्नानगृहांत डोकावतो, हे विनोद आज शिळे आणि अप्रिय वाटतात. मुलींच्या पात्रांना लेखकाने न्याय दिलेला नाही. नारुतोच्या गटातली साकुरा हुशार आहे, पण पहिल्या मालिकेत तिचा बराचसा वेळ सासुकेसाठी झुरण्यात जातो. मुलांसोबत पाहणाऱ्या पालकांनी हे प्रसंग टाळण्यापेक्षा त्यांबद्दल बोलावं.

दुसरी उणीव लांबीची. ॲनिमे मूळ चित्रकथेच्या पुढे जाऊ नये म्हणून स्टुडिओने बरीच भर घातली. पहिल्या मालिकेत १४२ नंतरचे भाग शेवटचा सोडून जवळपास सगळे असे आहेत, ते गाळले तरी कथा तुटत नाही.

तिसरी उणीव मला सगळ्यात जास्त लागते. नेजीला नशिबाबद्दल सुनावणारा नारुतो पुढे चौथ्या होकागेचा मुलगा निघतो आणि शेवटी तर एका प्राचीन महापुरुषाच्या वंशाचा वारसा सांगतो. ज्या कथेने मेहनतीची बाजू इतक्या जोरात मांडली तिने अखेरीस रक्ताचा आधार घेतला. रॉक लीच्या धुळीच्या लोटाशी हे जुळत नाही. तरीही नारुतोला माणूस म्हणून घडवलं ते बापाच्या रक्ताने नव्हे, शिक्षकाने, मित्रांनी आणि रामेनवाल्याने, एवढं सत्य शेवटपर्यंत टिकतं.

कसं पाहावं

पहिल्या मालिकेपासूनच सुरुवात करावी. शिप्पुदेन आधी पाहिली तर गारा, नेजी, सासुके यांचे राग-लोभ पोकळ वाटतात. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना ती बघू द्यायला हरकत नाही. पण झाबुझा आणि हाकुच्या शेवटाच्या वेळी किंवा तिसऱ्या होकागेच्या मृत्यूच्या वेळी सोबत कुणीतरी असावं. ही मालिका मृत्यू खेळण्यासारखा वापरत नाही, आणि मुलं त्यावर प्रश्न विचारतात. सोनी ये वाहिनीमुळे ती हिंदीतही आपल्या घरांत पोहोचली आहे. वाचता येणाऱ्या मुलांनी मूळ जपानी आवाजात, खाली मजकूर ठेवून एकदा तरी पाहावी.

या पुस्तकाची प्रकरणं पात्रांनुसार लावली आहेत. त्याचं कारण मालिकेतच आहे. इथे प्रत्येक मुलाला स्वतःचा एक सल आहे. चोजीला लठ्ठ म्हणून हिणवलं जातं. हिनाता बोलताना अडखळते आणि बाप तिला नालायक ठरवतो. शिकामारु विलक्षण हुशार आहे, पण त्याला कशाचाच उत्साह नाही. सासुकेचं सगळं घराणं त्याच्या थोरल्या भावाने संपवलं आहे. पाहणारं मूल यातल्या कुणाशी तरी आपलं नातं जोडतं, आणि बहुतेक वेळा ते नातं नायकाशी नसतं.

म्हणून घरातल्या मोठ्यांना माझी एकच विनंती आहे. मुलांना एवढं विचारा, की तुला यातलं कोण आवडतं आणि का? जे मूल हिनाताचं नाव घेतं, जे चोजीचं घेतं आणि जे गाराचं घेतं, ती तिघं वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात, आणि त्या ती सरळ सांगणार नाहीत. त्या उत्तरावर लगेच सल्ला देऊ नका. पुढचा भाग त्यांच्याशेजारी बसून पाहा. मुलाची दखल घेणं ते हेच.